प्रतिसाद: तंबूतलं अध्यात्म

वर कुणीतरी विचारलंय, "गाडी काढून समुद्रकाठी तंबू ठोकला की अध्यात्म कुठून येतं?" माझा अनुभव सांगतो.

गेल्या हिवाळ्यात हरिहरेश्वरला संध्याकाळी पाचला पोचलो. देवळामागची प्रदक्षिणेची वाट खडकांतून थेट समुद्रात उतरते, ओहोटीतच चालता येते. त्या वेळी तिथे लाटा फुटत होत्या. दिवसभर गाडी चालवून आलो होतो, चिडलोच. खानावळीतल्या काकांनी शांतपणे हिशेब सांगितला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. उद्या षष्ठी, म्हणजे साडेचारला भरती. सहा तास सोडा, साडेदहाला वाट मोकळी.

रात्र सुरूच्या बनाजवळ काढली. वाळूत खुंटी धरत नाही, म्हणून पिशव्यांत वाळू भरून त्यांना दोऱ्या बांधल्या. पहाटे जाग आली ती गाजेनेच. घड्याळ न बघता भरती आल्याचं कळलं, आणि तासन्‌तास नुसतं बसून राहता आलं. घरी दहा मिनिटंही ध्यानाला बसवत नाही मला.

साडेदहाला उतरलो. खडकांना मधाच्या पोळ्यासारखी भोकं पडलेली, एकेका खळग्यात ओंजळभर पाणी, त्यात नखाएवढा खेकडा. कालचा राग कुठे गेला कळलंच नाही.

जाणार असाल तर आधी तिथी बघा. पुढे बागमांडल्याहून फेरीबोटीत गाडी घालून वेळासकडे जाता येतं. घाई मात्र करू नका.