पोर्तुगालचा परिचय लिहायचा आहे, पण १९६१ नंतरचा पोर्तुगाल कसा सांगावा?

डिचोलीकर यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयाच्या हस्तलिखितासाठी पोर्तुगालची ओळख करून देणारा लेख माझ्याकडे आला आहे. लिहायला बसले तेव्हा ध्यानात आले की, या देशाविषयी मला जे ठाऊक आहे ते १५१० साली आफोंसो द आल्बुकेर्कने गोवा घेतला तेथे सुरू होते आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तेथे संपते. तो खरे तर आपलाच इतिहास झाला. तो देश स्वतः कसा आहे, तेथील लोक काय खातात, कशाचा अभिमान बाळगतात, गेल्या साठ वर्षांत तेथे काय घडले, हे मला सांगता येत नाही. वाचक आठवी ते दहावीचे विद्यार्थी आहेत. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त मास्तर, म्हापसा

ताई, भूगोल दोन ओळींत आटपावा. क्षेत्रफळ सुमारे ९२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या पंचवीसपट. लोकसंख्या एक कोटीहून थोडी अधिक. शेजारी एकटा स्पेन. राजधानी तेजु नदीच्या मुखावरचे लिस्बन. आणि भूमध्य समुद्रालगतचा देश असल्याने हवा सौम्य.

गोव्यातील मराठी वाचकाला मात्र १९१० हे साल अवश्य सांगावे. त्या वर्षी ५ ऑक्टोबरला तेथील राजेशाही संपून प्रजासत्ताक आले आणि पाठोपाठ चर्च व शासन यांची फारकत झाली. त्याचा परिणाम समुद्र ओलांडून आपल्यापर्यंत पोहोचला. गोव्यातील हिंदूंना समान नागरी हक्क मिळाले, सरकारी नोकऱ्यांची दारे उघडली आणि मराठी शाळा व वाचनालये यांच्या कार्याला वेग आला. आपण ज्या प्रकारच्या वाचनालयासाठी लिहीत आहात, त्याच्या वाढीचा एक धागा असा लिस्बनपर्यंत जातो. हा मोकळेपणा फार टिकला नाही. १९२६ साली लष्कराने सत्ता घेतली, १९३० च्या वसाहत कायद्याने आपल्याला दुय्यम ठरवले आणि १९३२ साली हुकूमशहा सालाझार पंतप्रधान झाले.

पोर्तुगालातील पेनिश येथील किल्ल्याचा उल्लेखही लेखात असावा. गोवा मुक्तिलढ्यातील त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना शिक्षा देऊन तेथे ठेवले होते. त्याच किल्ल्यात सालाझारला विरोध करणारे पोर्तुगीज राजबंदीही कोंडलेले असत. तुरुंग एकच आणि तुरुंगाधिकारीही तेच, हे मुलांना कळले तर राजवट आणि लोक यांतला भेद वेगळा शिकवावा लागणार नाही. आता तेथे संग्रहालय आहे.

मडगावचा, पूर्वी लिस्बनवासी

मास्तरांच्या उत्तरात एक दुरुस्ती सुचवतो. पोर्तुगालची हवा भूमध्य प्रदेशासारखी असली, तरी त्याला भूमध्य समुद्राचा किनारा नाही. सगळा किनारा अटलांटिकचा आहे. ही सबंध जीवनपद्धती त्या महासागराकडे तोंड करून उभी आहे.

गोव्यानंतर तेरा वर्षांनी पोर्तुगीज लोकही हुकूमशाहीतून मुक्त झाले, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. अंगोला, मोझांबिक आणि गिनी-बिसाव या आफ्रिकेतील वसाहतींमधल्या युद्धांना कंटाळलेल्या तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी २५ एप्रिल १९७४ रोजी उठाव केला. त्याची खूण रेडिओवरून लावलेल्या गाण्याने दिली गेली आणि लोकांनी सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुले खोवली. गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले ते या उठावानंतरच. १९८६ साली देश युरोपीय समुदायात आला. २०१५ ते २०२४ या काळात पंतप्रधान असलेल्या आंतोनियु कोश्ता यांच्या वडिलांचे घराणे आमच्या मडगावचे, हे मडगावकराने सांगितल्याशिवाय राहवत नाही.

खाण्यात बाकाल्याव, म्हणजे खारवून सुकवलेला कॉड मासा, सर्वांत वरचा. एवढा मोठा किनारा असूनही त्यांचा लाडका मासा दूर उत्तरेच्या थंड समुद्रातून येतो आणि नाताळच्या आदल्या रात्री तो ताटात लागतोच. आपण पुरुमेताची खारवलेली मासळी पावसाळ्याची सोय म्हणून ठेवतो. त्यांनी तीच सणाची केली.

फादु हे गायन गिटारच्या साथीने, बहुधा मंद प्रकाशात ऐकायचे असते. २०११ साली युनेस्कोने त्याला वारशाच्या यादीत घेतले. त्यातली ‘सावदाद’ ही भावना, दूर गेलेल्या माणसाची वा काळाची ओढ, ज्यांच्या घरातले कोणी आखातात वा बोटीवर आहे अशा गोंयकारांना समजावून सांगावी लागत नाही. निळ्या-पांढऱ्या आझुलेजु फरशांसाठी लिस्बनला जाण्याचीही गरज नाही. पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या भिंतीवर पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातील प्रसंग त्याच फरशांत रंगवलेले आहेत. मुलांना तेथे एकदा न्यावे.

बाटलीच्या बुचाचा कॉर्क जगाला सर्वाधिक तोच देश पुरवतो. झाड तोडत नाहीत. दर नऊ वर्षांनी साल सोलतात आणि त्या वर्षाचा शेवटचा आकडा खोडावर रंगवून ठेवतात.

फोंड्याचा वकील

एक विसंगती जोडतो. ज्या १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेवर गोव्यातील कौटुंबिक व्यवहार आजही बऱ्याच अंशी चालतात, ती खुद्द पोर्तुगालने १९६६ च्या नव्या संहितेने कधीच मागे टाकली.

डिचोलीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एकच शंका उरते. इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायासनाचा, विषय या लेखात घ्यावा काय? घेतला तर सगळा लेख पुन्हा गोव्यावर येईल, आणि टाळला तर आमचे थोर मला क्षमा करणार नाहीत.

निवृत्त मास्तर, म्हापसा

घ्यावा, परंतु लिस्बनपासून सुरुवात करून. ते न्यायासन पोर्तुगालात १५३६ साली स्थापन झाले आणि त्याचा पहिला रोख बळजबरीने ख्रिस्ती केलेल्या पोर्तुगीज ज्यूंवर होता. गोव्यात ते १५६० साली आले आणि १८१२ साली बंद झाले. पोर्तुगालात १८२१ पर्यंत चालले. या चार सालांचा एक परिच्छेद करा. भूमध्य किनाऱ्याची चूक माझीच. ती आपल्या लेखात जाऊ देऊ नका.