बाबांची एनसीव्ही (शॉक देऊन नसांचा वेग मोजायची टेस्ट) परत करायला सांगितलीय, करावी का?

रामबागची_लेक: नमस्कार, आम्ही इंदूरचे. बाबा 64, शुगर दहा वर्षांपासून. दिवाळीनंतर पायाला मुंग्या सुरू झाल्या, आता तीन महिने होत आले, जिना चढताना कठड्याला धरून स्वतःला ओढावं लागतं आणि शर्टाचं वरचं बटण पण लागत नाही. एनसीव्ही केली, उजव्या हाताचा मीडियन (मनगटातून जाणारी हाताची नस) सेकंदाला 34 मीटर, डावा 36, रिपोर्टमध्ये डिमायलिनेटिंग, म्हणजे नसांवरचं आवरण खराब, असं लिहिलंय. न्यूरोवाले म्हणतात सीआयडीपी (शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर हल्ला करते तो आजार) असू शकतो पण आधी दुसऱ्या सेंटरवर टेस्ट परत करा. भाऊ म्हणतो नुसते पैसे काढायचे धंदे. शॉक परत खायचे म्हटल्यावर बाबा पण नाही म्हणतायत.

तार_जोडणारा: ताई, मी हेच काम करतो, मशीनवर बसतो. एकच विचारतो, रिपोर्टवर हाताचं टेंपरेचर लिहिलंय का? आणि बाबा गेले कसे?

रामबागची_लेक: टेंपरेचर कुठेच नाही. गेले भावाच्या स्कूटरवर, जानेवारीत सकाळी सातला, ते पण उपाशीपोटी, कारण कुणीतरी सांगितलं ब्लडटेस्टसारखं असतं. गेल्या गेल्या आत घेतलं.

तार_जोडणारा: मग बरोबर सांगितलंय डॉक्टरांनी. उपाशी जायची काहीच गरज नसते. पण थंड हाताची नस खरंच हळू चालते, एका डिग्रीला सेकंदाला साधारण 2 मीटर कमी. हाताला 50 च्या आसपास लागतात, आम्ही कातडी 32 च्या वर आल्याशिवाय सुरूच करत नाही, गरम पाण्याची पिशवी देऊन बसवतो. हात 26 वर असेल तर बारा मीटर तिथेच गेले, 34 चे 46 झाले की गोष्टच बदलते. आजारी नसेत हा हिशोब इतका सरळ बसत नाही, म्हणूनच कागदावर बेरीज करण्यापेक्षा हात गरम करून परत करणं बरं. फक्त एक, गारठ्याने वेग कमी होतो, कंडक्शन ब्लॉक होत नाही. म्हणजे मनगटाशी शॉक दिला तर सिग्नल मोठा, कोपराशी दिला तर अर्धाच, असं काही असेल तर ते थंडीवर ढकलता येत नाही. आणि सुरल (पायाची, स्पर्श कळायची नस) काय आलाय?

रामबागची_लेक: सुरल नॉर्मल. मीडियन सेन्सरी (हाताला स्पर्श कळायचा सिग्नल) मात्र आलीच नाही.

तार_जोडणारा: हे डॉक्टरांना नक्की दाखवा. शुगरची न्यूरोपॅथी बहुतेक पायाकडून सुरू होते, म्हणजे सुरल आधी जातो. पाय वाचून हात गेला तर इम्यूनवाल्यांकडे बोट जातं. पण शुगरवाल्यांचा मनगटाशी मीडियन दबलेला पण असतो हो, त्यामुळे मी इथे बसून निकाल देणार नाही.

पाचवा_डोस: मी स्वतः सीआयडीपीचा पेशंट, सहा वर्षं झाली. तुमच्या भावाला सांगा, टेस्टचे पैसे काहीच नाहीत. आयव्हीआयजी (शिरेतून देतात त्या अँटिबॉडी) वजनाच्या किलोमागे 2 ग्रॅम देतात, पाच दिवसांत वाटून, म्हणजे 70 किलोच्या माणसाला 140 ग्रॅम, त्याचं बिल बघा आणि मग बोला. स्टेरॉइड स्वस्त आहेत पण बाबांची शुगर उडेल. एवढं सुरू करायच्या आधी दोन शॉक जास्त खाल्ले तर काय बिघडतं. मला माझ्या रिपोर्टपेक्षा डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून बघितलं तेव्हाच जास्त कळलं, पाय हललाच नाही. आणि अशक्तपणा झपाट्याने वाढायला लागला, गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला तर टेस्टची तारीख वगैरे विसरा, सरळ इमर्जन्सी.

रामबागची_लेक: दोघांचे खूप आभार. गिळणं, श्वास ठीक आहे. गुरुवारी दुपारची वेळ घेतली, कारने नेणार. मालिश करून न्यायचं का, तेवढीच ऊब?

तार_जोडणारा: तेल अजिबात नको!! इलेक्ट्रोड चिकटत नाही आणि सिग्नल घाण येतो. हातमोजे, लोकरीचे मोजे, बास. सुईची ईएमजी (स्नायूंची टेस्ट) पण असेल आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका.

रामबागची_लेक: सांगितलं बाबांना. विचारतायत, उपाशी जायचं नाही ना, मग पोहे-जिलबी खाऊन गेलो तर?

तार_जोडणारा: पोहे खा म्हणावं. जिलबीचं शुगरवाल्या डॉक्टरांना विचारा.