दोन एकर भात माणगावला, बिऱ्हाड मुंबईत: संशोधनातून पैसा नक्की कुठे सुटतो?

बोरिवली_माणगाव (प्रश्न)

मंडळी, माणगाव तालुक्यात दोन एकर भातशेती आहे. त्यातलं सव्वा एकर खोलगट खलाटी, ऑक्टोबरपर्यंत पाणी हटत नाही. उरलेलं वर माळालगत. पाऊस ओसरला की आठवड्यात भेगा. दोन्हीकडे घरचंच जाड बी जातं. जात कोणती, ते कुणालाच सांगता येत नाही. लावणी मजुरांकडून, हात पडेल तिथे मूठ. युरिया दोनदा फेकून. एकरी दहा-अकरा क्विंटलच्या वर भात जात नाही आणि मजुरी वजा केली की घरच्या तांदळापलीकडे काही उरत नाही.

सुधारित जात, संकरित जात, ट्रॉम्बेची जात, चारसूत्री, एसआरटी अशी नावं कानावर येतात. आधी जात बदलायची की पद्धत? "किरणं मारलेलं भात खायचं का?" असंही घरून विचारतायत. शिवाय जाणं होतं ते फक्त शनिवार-रविवार, तेव्हा यातलं जमण्यासारखं काय तेही सांगा.

खाचरबांध

तुमच्या जमिनी दोन आणि बी एक. पहिली चूक इथेच.

निसवल्यापासून (लोंबी बाहेर पडल्यापासून) पिकेपर्यंत भाताला साधारण महिना लागतो, मग ते हळवं (लवकर येणारं) असो की गरवं (उशिरा येणारं). फरक असतो तो त्याआधीच्या वाढीच्या दिवसांत. माळावर गरवं लावलं की दाणा भरायच्या महिन्यात नेमकी ओल संपते आणि लोंबीत पळंज (पोचट दाणे) राहतं. त्या पळंजाला कितीही खत द्या, भरणार नाही. उलट खलाटीत फार हळवं लावलं तर ते सप्टेंबरच्या पावसात पिकून उभं राहतं आणि लोंबीतच मोड येतात.

माळाला कर्जत-१८४ (१०० ते १०५ दिवस, बारीक) किंवा कर्जत-३ (११५ च्या आसपास, आखूड जाड, पोह्यांना चांगलं). बारीक आणि लांबट हवं असेल तर कर्जत-७. खलाटीला निमगरवं कर्जत-५ किंवा गरवं कर्जत-२. ही सगळी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची, कर्जतच्या भात संशोधन केंद्रातली. बी घेताना टॅग बघा: पायाभूत बियाण्याला पांढरा, प्रमाणिताला निळा. सरळ (संकरित नसलेल्या) जातीचं बी नीट राखलं तर तीन वर्षं घरचं चालतं, मग बदलायचं. सह्याद्री मालिकेतल्या संकरित जातीचं बी दर वर्षी विकतच घ्यावं लागतं. ठेवलेलं बी पुढच्या पिढीत फुटतं, एकाच खाचरात उंच-बुटकं, लवकर-उशिरा असं सगळं मिसळून येतं. एकरी आठ किलो बी पुरतं, पण एका चुडात (एका जागी लावायच्या रोपांच्या जुडीत) एक-दोनच रोपं लावणारी माणसं हवीत. मुठीने लावणाऱ्या टोळीपुढे संकरित बी म्हणजे पैसे चिखलात.

आणि उंच घरच्या भाताला युरिया वाढवून बघू नका. ते लोळतं. १९६६ च्या आयआर-८ पासून बुटक्या जातींचा सगळा डाव यावरच उभा आहे: खत पचवून ताट उभं राहिलं पाहिजे.

पेरणीआधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी बुडवा, ढवळा, तरंगलेलं काढून टाका. तळाचं बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन २४ तास सावलीत वाळवा, मग किलोला ३ ग्रॅम थायरम चोळा. धुवायचा कंटाळा केला तर मीठ राहून उगवण मार खाते. उगवण मात्र या सगळ्याआधी तपासा: १०० दाणे ओल्या गोणपाटात, ८० च्या खाली उगवले तर ते बी खायला ठेवा.

अणुशक्ती_कॉलनी

किरणांच्या प्रश्नाचं उत्तर: खायला हरकत नाही. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात बियांतून गॅमा किरण जातात, त्यामुळे बी किरणोत्सारी होत नाही. एक्स-रे काढून आलेला माणूस किरणोत्सारी होतो का? किरणांनी दाण्यातल्या जनुकांत कुठेकुठे बदल होतात, बहुतेक निकामी. दुसऱ्या पिढीपासून हजारो रोपांतून कामाचं एखादं निवडायचं आणि ते स्थिर होईपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या लावायचं. तुमच्या हातात येणारी पिशवी त्या किरण लागलेल्या दाण्यापासून कितीतरी पिढ्या लांब असते. बाहेरचं जनुक घातलेलं नसल्यामुळे हे जीएम वाणही नव्हे.

फायदा असा की आवडती जात तीच राहते, एखादा दोष जातो. रायपूरच्या विद्यापीठाबरोबर केलेलं विक्रम-टीसीआर बघा: मूळ सफरी-१७ उंच आणि लोळणारं, त्यातून बुटकं केलं. भुईमुगातलं टीएजी-२४ याच वाटेने आलेलं, ते तर सगळ्यांना माहीत आहे. कोकणासाठी दापोलीबरोबर ट्रॉम्बे कर्जत कोलम काढलंय. ट्रॉम्बेच्या फाटकावर बी मागायला जाऊ नका. विक्री विद्यापीठ आणि बियाणे यंत्रणेमार्फत होते.

गिरिपुष्प

जात बदलून जे मिळेल ते मिळेल, पण तुमच्या वर्णनात सगळ्यात मोठी गळती युरियाची आहे. उभ्या पाण्यात फेकलेल्या युरियाचा काही भाग अमोनिया होऊन हवेत जातो, काही वाहून जातो, काही झिरपतो. पिकाच्या वाट्याला बहुधा निम्म्याहून कमी नत्र येतं. डॉ. एन. के. सावंत यांची चारसूत्री पद्धत नेमकी यावर आहे. सूत्रं चार असली तरी एकमेकांत अडकलेली आहेत, म्हणून एकेक वेगळं उचललं की फसतं.

पहिलं: भाताचंच भाताला परत. गादीवाफ्यात दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो काळी तुसाची राख मिसळायची आणि शेतात पहिल्या नांगरटीला गुंठ्याला २० किलो पेंढा गाडायचा. राखेतल्या सिलिकाने रोप ताठ होतं, उपटताना मूळ कमी तुटतं. राब भाजायची (वाफ्यावर पालापाचोळा जाळायची) गरज उरत नाही, हा वरचा नफा.

दुसरं: गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला, गुंठ्याला ३० किलो. लावणीआधी आठवडाभर फांद्या खाचरात पसरायच्या, पानं गळली की काटक्या उचलायच्या आणि चिखलणी करायची. काटक्या राहिल्या तर लावणाऱ्या बायांचे पाय फाटतात आणि पुढच्या वर्षी त्या बाया येत नाहीत! बांधावर आत्ताच खुंट लावून ठेवा, पाला विकत आणून हे परवडत नाही.

तिसरं: नियंत्रित लावणी. दोरीवर १५-२५-१५-२५ सेंटिमीटर अशा खुणा, ओळींतलं अंतरही तसंच. चुडात दोन-तीन रोपं, दोन-तीन सेंटिमीटर खोल. रोप २१ ते २५ दिवसांचं. महिन्याच्या वर गेलेलं रोप लावलं तर फुटवे कमी येतात आणि ते खताने भरून निघत नाही. तुमच्याकडे टोळी उशिरा मिळते म्हणून रोप म्हातारं होत असेल तर सगळं बी एका दिवशी न पेरता आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन वाफे पेरा.

चौथं: युरिया-डीएपी ब्रिकेट. युरिया ६० आणि डीएपी ४० अशा प्रमाणात दाबून केलेली, एक गोळी सुमारे २.७ ग्रॅमची. १५ सेंटिमीटरच्या चौकोनातल्या चार चुडांच्या मधोमध एक गोळी, ७ ते १० सेंटिमीटर खोल, लावणीच्याच दिवशी. चार चुडांचा संच ४० बाय ४० सेंटिमीटर जागा घेतो, म्हणून गुंठ्याला साधारण ६२५ ते ६३० गोळ्या लागतात, म्हणजे पावणेदोन किलोच्या आत. एकराला ७० किलोच्या आत. खाली हवा नसलेल्या थरात नत्र अमोनियम रूपातच टिकून राहतं आणि मुळं तिथे पोचून हळूहळू घेतात. गोळ्या नीट गेल्या की नंतर युरिया फेकायचा नाही. पालाश मात्र ब्रिकेटमध्ये नाही.

बिघडतं कुठे? गोळी वरच राहिली की पाण्यात विरघळते आणि मग तो महागडा फेकीव युरियाच झाला. दुसऱ्या दिवशी खोचू म्हटलं तर चिखल बसलेला असतो, बोट जात नाही. फोडलेली पिशवी जूनच्या हवेत उघडी ठेवली की रात्रीत गोळ्यांचा लगदा होतो. आणि आडव्यातिडव्या लावणीत चौकोनच सापडत नाही, म्हणजे तिसरं सूत्र नसेल तर चौथं विसरा. पाणी धरत नाही अशा मुरमाड खाचरातही हिचा उपयोग कमी. तुमच्या सव्वा एकर खलाटीला मात्र ही पद्धत चपखल आहे.

नेरळ_लोकल

गिरिपुष्प यांच्याशी खलाटीपुरता सहमत. माळाला मी एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) म्हणेन. नेरळच्या सगुणा बागेत शेखर भडसावळे यांनी विकसित केलेली पद्धत: चिखलणी नाही, आवण (रोपवाटिका) नाही, लावणी नाही. शनिवार-रविवारवाल्यांना हे तीन 'नाही' महत्त्वाचे, कारण खर्चाचा मोठा भाग तिथेच जातो.

सुमारे साडेचार फुटांवर सऱ्या पाडून गादीवाफे एकदाच करायचे. लोखंडी साच्याने २५ बाय २५ सेंटिमीटरवर भोकं, प्रत्येकात तीन-चार दाणे, वर माती. कापणीनंतर मुळं जमिनीतच कुजू द्यायची, नांगर घालायचा नाही. पुढच्या वर्षी त्याच वाफ्यावर टोकण. भातामागून त्याच वाफ्यावर कडवे वाल येतात, आणि माळावर वालाचा पैसा भातापेक्षा बरा सुटतो.

खरी परीक्षा तणाची. खाचरात उभं पाणी तण दाबतं, इथे ते पाणी नसतं. म्हणून टोकणीनंतर दोन दिवसांच्या आत, जमीन ओली असताना, उगवणीपूर्वीचं तणनाशक (ऑक्सिफ्लोरफेन) गेलंच पाहिजे. रविवारी टोकण करून फवारणी पुढच्या शनिवारवर ढकलली तर तण आणि भात एकत्र वर येतात. मग बेणणीची (तण काढण्याची) मजुरी लावणीच्या मजुरीलाही मागे टाकते. फवारणाऱ्या गड्याला आधीच सांगून ठेवा.

गिरणवाला_दादर

सगळे खाचरातच थांबलेत. पैसा गिरणीतही सांडतो.

लोंबीतले ८०-९० टक्के दाणे पिवळे झाले की कापा, तेव्हा दाण्यात २० टक्क्यांच्या आसपास ओलावा असतो. आठ-दहा दिवस आधी पाणी काढा. "पुढच्या रविवारी जाऊ तेव्हा कापू" हे सगळ्यात महाग वाक्य. दाणे झडतात, आणि दिवसा ऊन, रात्री दव असं चाललं की दाण्याला आतून चिरा जातात. बाहेरून भात चांगलंच दिसतं, गिरणीत गेलं की कणी. डांबरी रस्त्यावर वाळवलं तरी तेच. ताडपत्रीवर तीन-चार सेंटिमीटर थर, तासातासाने पाय फिरवा, भर दुपारी झाका, १२ ते १४ टक्क्यांवर आणा. दाताखाली कट्‌ असा आवाज होऊन तुटला म्हणजे जवळ आलं.

१०० किलो भाताला ६५-६७ किलो तांदूळ धरा. प्रश्न त्यात अख्खा किती याचा आहे. जुन्या हलरपेक्षा रबर रोलच्या गिरणीत कणी कमी पडते. चिरा गेलेला माल असेल तर उकडा करा, वाफेने स्टार्च चिकटून चिरा बुजतात. कोकणात उकड्याला गिऱ्हाईक आहेच, मुंबईतही.

हिशेबासाठी: २०२५-२६ चा साधारण भाताचा हमीभाव २,३६९ रुपये क्विंटल. एकरी तीन क्विंटल वाढले तर ७,१०७ रुपये. त्यातून बी, ब्रिकेट, दोरीच्या लावणीची जादा मजुरी वजा करा. बारीक तांदूळ स्वतः भरडून सोसायटीत विकणार असाल तर हमीभाव विसरा, तिथे अख्ख्या दाण्याचीच किंमत.

बोरिवली_माणगाव

बरंच स्पष्ट झालं. दोन अडचणी: टोळी दोरी धरायला तयार होत नाही, म्हणते वेळ जातो. आणि एवढं सगळं केल्यावर वाढ जातीने झाली की पद्धतीने, हे कळणार कसं?

गिरिपुष्प

टोळीला पूर्ण शेतात दोरी सांगू नका. पहिल्या वर्षी खलाटीतले पाच गुंठेच घ्या आणि त्यांची मजुरी दिवसावर द्या, उक्ती (ठेक्याने) नको. उक्त्या कामात दोरी टिकत नाही. दोरीऐवजी ओढायचा लाकडी मार्कर केलात तर लावणारे खुणेवर लावतात, हात थांबत नाही. त्यासाठी चिखल बसून पाणी जेमतेम राहिलेलं हवं, भरल्या खाचरात खुणा पुसतात.

खाचरबांध

दुसऱ्याचं उत्तर: एकाच खाचराचे चार तुकडे करा. जुनं बी जुनी पद्धत, जुनं बी चारसूत्री, नवं बी जुनी पद्धत, नवं बी चारसूत्री. लावणी एकाच दिवशी. मधे लहान बांध घाला, नाहीतर खताचं पाणी इकडून तिकडे जातं. (जुनं बी उंच असेल तर चारसूत्रीच्या तुकड्यात लोळेल; ते लोळणंही मोजणीच आहे.) तुकडे एकाच दिवशी पिकणार नाहीत, ज्याचा तो पिकेल तेव्हा कापा.

कापणीला बांधापासून दोन हात आत, प्रत्येक तुकड्यात ५ बाय २ मीटर मोजून कापा, झोडा, पाखडा, वजन करा. किलोला ४.०५ ने गुणलं की एकरी क्विंटल. म्हणजे ४.५ किलो आले तर १८.२. पण ओल्या भाताचं वजन फसवतं. ओलावा २० टक्के असेल तर वजन १४ टक्के ओलाव्यावर आणायला आधी ८० ने गुणून ८६ ने भागा: ४.५ चे ४.१९ होतात, आणि एकरी १७ च्या आत येतं. ओलावामापक नसेल तर चारही नमुने सारखे वाळवून मगच तोला.