ओल्या कोपऱ्यात काय लावू?

प्रेषक: मिसिसागा

सर्वांना नमस्कार. इथे कॅनडात नव्या घराच्या परसात नुसतं लॉन आहे. माती चिकण, आणि बर्फ वितळलं की कुंपणालगतच्या कोपऱ्यात पाणी साचतं. मोनार्क फुलपाखरं यावीत अशी फार इच्छा आहे. इंदूरला आईकडे हळदीकुंकवाच्या झाडाला शेंगा धरल्यात, दिवाळीनंतर येणाऱ्या कोणाबरोबर बी मागवू का? काकू, तुम्ही इथे इतकी वर्षं बाग केलीत, सांगाल?

प्रेषक: रामबाग, इंदूर

अगं, हळदीकुंकू नको. ते मूळचं उष्ण अमेरिकेतलं, तिथल्या थंडीत मरतं. त्याचीच भावंडं ऑन्टारियोच्या मातीत आपसूक वाढतात, ती मिल्कवीड लाव. मोनार्कची अळी दुसऱ्या कशाला तोंडच लावत नाही.

तुझ्या कोपऱ्यासाठी स्वॅम्प मिल्कवीड. गुलाबी तुरे येतात, ओली चिकण माती त्याला मानवते आणि ते जागा सोडून पसरत नाही. कॉमन मिल्कवीड मात्र जमिनीखालून पसरत शेजाऱ्याच्या लॉनमध्ये डोकं काढतं. २०१४ पर्यंत ते प्रांताच्या उपद्रवी तणांच्या यादीत होतं. मोठ्या जागेत जरूर लावावं, छोट्या परसात नको.

बी पेरायचं ते नोव्हेंबरात, उघड्यावर. आपण इंदूरची माणसं रोपाला ऊब द्यायला धावतो, पण या बियांना ओलसर थंडी मिळाल्याशिवाय त्या नीट रुजत नाहीत. वेळ चुकली तर ओल्या वाळूत कालवून महिनाभर फ्रिजमध्ये ठेव.

मागच्या बाजूला जो-पाय वीड, चांगलं पुरुषभर वाढतं. शिवाय न्यू इंग्लंड ॲस्टर आणि गोल्डनरॉड हवेतच. सप्टेंबरात मोनार्क मेक्सिकोकडे निघतात तेव्हा वाटेत मध मिळतो तो मुख्यतः यांच्यावर. गोल्डनरॉडनं शिंका येतात असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस. त्याचे परागकण जड, चिकट असतात. शिंका येतात त्या रॅगवीड नावाच्या तणामुळे, ते त्याच सुमारास फुलतं.

परवा छत्रीबागेकडे भिंतीलगतच्या रुईवर प्लेन टायगर फुलपाखराची अळी दिसली. पांढरे-काळे पट्टे, पिवळे ठिपके आणि अंगावर काळ्या शेंड्यांच्या तीन जोड्या. मोनार्कच्या अळीला दोनच जोड्या असतात. मोनार्कची अळी मोठी झाली की पानाचा देठ अर्धवट कुरतडते, चीक निथळू देते आणि मग पान खाते. तेव्हा पानं लोंबलेली दिसली तर रोग समजून फवारा मारू नकोस.

प्रेषक: मिसिसागा

काकू, खूप आभार! नर्सरीतून तयार रोपं आणली तर चालतील? आणि घरात लहान मूल आहे, चिकाचं काय?

प्रेषक: रामबाग, इंदूर

चालतील की. पण कीटकनाशक दिलंय का ते आधी विचार. दिलेलं असलं तर रोप घेऊ नकोस, त्याच पानांवर अळ्या मरतील. चीक डोळ्यात गेला तर फार झोंबतो आणि पोटात जाणंही वाईट, म्हणून छाटणी हातमोजे घालून कर आणि मूल रांगतं असेतो कोपऱ्याला जाळी लाव. वाळलेली खोडं मात्र हिवाळ्यात कापू नकोस, त्यांत रानमधमाश्या घर करतात. चांगली ऊब आल्यावर काप.