मदत हवी आहे: ‘मेटिक’ला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी. प्राचीन अथेन्सवर मराठीत लेख लिहिते आहे आणि ‘मेटिक’पाशी अडले आहे. मूळ ग्रीक शब्द मेटोइकोस. त्यातल्या ‘ओइकोस’चा अर्थ घर. बाहेरून येऊन अथेन्समध्ये राहणारे हे लोक. पुरुषाला वर्षाला 12 द्राख्मा (तिथलं चांदीचं नाणं) कर, स्वतंत्र राहणाऱ्या बाईला 6. सैन्यात जावं लागे, पण सभेत मत नाही आणि खास परवानगीशिवाय जमीन-घर घेता येत नसे. अ‍ॅरिस्टॉटल मेटिकच, लिसियस हा भाषणकारही.

‘परदेशी’ लिहावं तर चार दिवसांचा पाहुणा वाटतो, शिवाय मेटिकांची मुलं अथेन्समध्ये जन्मूनही मेटिकच राहत. मुक्त झालेले गुलामही यातच मोडत. ‘निर्वासित’ तर साफ चूक. मला ‘उपरी’ सुचतो. आपल्याकडे जुन्या काळी गावातल्या मिरासदाराला जमिनीचा वंशपरंपरागत हक्क असे, बाहेरून आलेल्या उपऱ्याला नसे. तो धागा जुळतो. पण उपरी जमीन कसणारा, मेटिक बहुधा कारागीर नाहीतर व्यापारी. आणि आजच्या ‘उपरा’ शब्दात हेटाळणी आहे, ती मला नको आहे.

‘मेटिक’ तसाच ठेवून पहिल्यांदा अर्थ द्यावा, की ‘निवासी परके’ चालेल? जुन्या मराठी कागदपत्रांत याहून जवळचा शब्द कुणाला आढळलाय का?