एपीपीची (सहायक सरकारी अभियोक्ता, म्हणजे फौजदारी खटल्यांत सरकारचा वकील) परीक्षा देऊन पुढे महाधिवक्ता (राज्य सरकारचा सर्वोच्च वकील) होता येतं का?

लातूरची_वकील: नमस्कार मंडळी, चार वर्षं झाली प्रॅक्टिसला, बहुतेक क्रिमिनलच. घरचे म्हणतात एमपीएससीची एपीपीची परीक्षा दे, आमचे सीनियर म्हणतात थांब, हायकोर्टात जा, एजीपीसाठी (हायकोर्टात सरकारची बाजू मांडणारा सहायक सरकारी वकील) नाव जाईल. मला मनापासून सरकारच्या बाजूने उभं राहायचंय, आणि वरपर्यंत जायचंय. कुठून सुरुवात करू?

काळा_कोट: ताई, या दोन वेगळ्या वाटा आहेत हे आधी पक्कं लक्षात घ्या. एपीपी म्हणजे कायमची नोकरी, मॅजिस्ट्रेट कोर्ट, पगार, बदल्या. ती वर्षं पीपी (सरकारी अभियोक्ता) व्हायला लागणाऱ्या ७ वर्षांच्या वकिलीत धरतात, तसं कायद्यातच आहे. पुढे अभियोग संचालनालय (सरकारी अभियोक्त्यांचं खातं), पण नव्या बीएनएसएसमध्ये (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) संचालकाला १५ वर्षांची वकिली किंवा सेशन जजचा अनुभव लागतो. महाधिवक्त्याचं मात्र परीक्षा-प्रमोशन काही नाही, घटनेच्या अनुच्छेद १६५ खाली राज्यपाल नेमतात आणि त्यांची मर्जी असेपर्यंतच पद, म्हणजे सरकार बदललं की बहुतेक वेळा तेही बदलतात.

फाईलवाला: मी एजीपी होतो काही वर्षं. आदल्या संध्याकाळी खात्याचा माणूस फाईल घेऊन यायचा, पानांना नंबर नाहीत, जीआरची झेरॉक्स इतकी पुसट की तारीखच वाचता येत नाही, आणि परिच्छेदनिहाय अभिप्रायात (अर्जातल्या प्रत्येक मुद्द्यावर खात्याचं उत्तर) एकच वाक्य, "अर्जदाराचे म्हणणे मान्य नाही". का मान्य नाही ते रात्री फोन करून करून काढायचं आणि सकाळी जजसमोर उभं राहायचं. त्रास झाला पण सरकार आतून कसं चालतं ते तिथेच कळलं, आणि खात्याचं चुकत असेल तर तसं त्यांना तोंडावर सांगायलाही तिथेच शिकलो.

जुना_गिरगावकर: मोठं व्हायचंय तर घटनातज्ज्ञ एच. एम. सीरवाईंचं बघा. १९५७ ते १९७४, सलग १७ वर्षं महाधिवक्ता, आधी मुंबई राज्याचे मग महाराष्ट्राचे, आणि त्याच काळात केशवानंद खटल्यात (संसदेला घटना कितपत बदलता येते, यावरचा) सुप्रीम कोर्टाच्या १३ न्यायाधीशांपुढे केरळ सरकारची बाजू मांडली. दुसरे सी. के. दफ्तरी, मुंबईचे महाधिवक्ता असताना गांधीखून खटल्यात सरकारतर्फे उभे राहिले, १९५० ला देशाचे पहिले सॉलिसिटर जनरल (केंद्र सरकारचे दुसऱ्या क्रमांकाचे वकील), १९६३ ला अ‍ॅटर्नी जनरल (पहिल्या क्रमांकाचे). दोघंही हायकोर्टाच्या वकिलीतून वर आले.

लातूरची_वकील: म्हणजे महाधिवक्ता डोक्यात असेल तर हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात जायला हवं. काळा_कोट सर, एपीपीला लागल्यावर पाच-सात वर्षांनी राजीनामा देऊन हायकोर्टात गेलेलं कोणी आहे का तुमच्या ओळखीत? तोवर अशिलं उरतात का, हीच भीती आहे.

काळा_कोट: आहेत दोघं. अशिलं उरली नव्हती, दोघांनीही पहिली दोन वर्षं दुसऱ्याच्या चेंबरमध्ये काढली. पण साक्षीदार तपासण्यात त्यांचा हात कोणी धरत नाही, रोज साक्षीदार घेतलेले असतात ना.