मदत हवी आहे: चाचणी चालू असताना नियम बदलायचा की डाव संपवायचा?

मंडळी, मेळघाटच्या जंगलावर बेतलेला भूमिका-खेळ (प्रत्येकानं एक पात्र बनून खेळायचा) आम्ही इकडे धारणीकडे घरीच तयार करतोय. दोन फासे टाकायचे, बेरीज ८ किंवा जास्त आली की काम फत्ते. म्हणजे ३६ पैकी १५ शक्यता, साधारण ४२ टक्के. घोळ मदतीच्या नियमात आहे. प्रत्येक सोबती +१ देतो. तिघं धावले की ५ वरच भागतं, ८३ टक्के. मग अस्वल समोर असलं तरी सगळे "मी पण मदत करतो" एवढंच बोलून मोकळे.

उपाय दोन सुचतात. मदतीला कितीही असोत, +१ च (५८ टक्के). किंवा फासे फसले तर मदत करणाऱ्यालाही जखम. मला दुसरा पटतो, त्यात मदतीला किंमत मोजावी लागते. पण दोन्ही एकदम लावले तर फरक कशानं पडला ते कळणार नाही.

नियमांच्या वहीत खोडाखोड करत नाही. समोरच्या कोऱ्या पानावर तारीख, बदल आणि कारण लिहितो.

तुम्ही डाव रंगात असताना नियम बदलता का? बदललात तर आधीच्या जखमांचा हिशेब कसा लावता?